भुयारातला वाटाड्या

मी एक जुना खेळ आहे, मित्रांनो. पुठ्ठ्याच्या पेटीतला, कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला. माझं तुमच्याविषयी मत फारसं चांगलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाईट वाटायला नको.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड पुठ्ठ्यावर रंगीत कागद चिकटला, वर पोलादी साचा दाबला गेला आणि माझा पट तयार झाला. त्यावर डोंगराच्या पोटातलं भुयार आहे, दगडी पूल आहे, अगदी तळाशी एक झरा आहे. चार लाकडी सोंगट्या मिळाल्या: तलवारवाली, जादूगार, वैद्य आणि वाटाड्या. वीस बाजूंचा एक फासा मिळाला, आणि दिव्यातलं तेल म्हणून पिवळ्या चकत्या. ज्या घरांतून कधी कोणी सोंग घेऊन गोष्ट खेळलेली नाही, त्या घरांना तशी गोडी लावायची, हे माझं काम. काम मोठं होतं. माणसं लहान निघाली.

माझे नियम झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेले आहेत. माझ्यात कोणी कोणाला हरवत नाही. सगळ्यांनी मिळून भुयारात उतरायचं, झऱ्याचं पाणी घ्यायचं आणि तेल संपायच्या आत गावात परतायचं. बोलायचं ते आपल्या सोंगटीच्या तोंडून. ‘माझी सोंगटी दार उघडते’ नाही, ‘मी दार उघडते’. आणि ठळक अक्षरांत: प्रत्येकाने आपली खेळी आपणच ठरवावी. एवढंच. आठ वर्षांच्या मुलांना हे सहज समजतं. मोठ्यांना मात्र चष्मा लावूनही वाचता येत नाही.

माझं पहिलं घर एका वकिलाचं होतं. पहिलाच डाव संपला, चौघंही पाणी घेऊन गावात पोचले, आणि वकिलाने विचारलं, “बरं, मग जिंकलं कोण?”

“सगळे,” त्याची बायको म्हणाली.

“सगळे म्हणजे नक्की कोण?”

यावर मी काय बोलणार? त्याचे दोन मुलगे बापाच्या वळणावर गेले होते. ते एकमेकांच्या तेलाच्या चकत्या चोरून खिशात घालत. विचार करा, मित्रांनो. सगळे मिळून जिंकायच्या खेळात चोरी! दोघं एकाच होडीत बसलेले आणि दोघंही तिच्या तळाला भोक पाडतायत. पुढे वैद्याची सोंगटी सोफ्याच्या फटीत पडली. फटीत हात घालून पाहायचे कष्ट त्या घरात कोणी घेतले नाहीत. मग माझी नेमणूक वकिलाच्या कॉम्प्युटरखाली झाली. पडदा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायला एका पेटीची कमतरता होती. पोटात अख्खं भुयार घेऊन मी त्याच्या मानेची काळजी वाहिली. मुलगे शिकायला बाहेर गेले आणि मी जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. निरोप द्यायला कोणी आलं नाही. मीही वळून पाहिलं नाही.

बाजारातून मला उचललं एका गाडी शिकवणाऱ्या माणसाने. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्याने नुकतंच लग्न केलं होतं, तेही एका नऊ वर्षांच्या मुलीच्या आईशी. मुलीला कसं जिंकावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने खेळ आणला. बाकी कसली कल्पना त्याच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती.

मुलीची आई दात बनवायची. म्हणजे कवळ्या, प्रयोगशाळेत बसून. तिने पेटी उघडली, सोंगट्या मोजल्या आणि म्हणाली, “एक कमी आहे.” दुसऱ्याच दिवशी तिने कवळीच्या हिरड्यांच्या गुलाबी मसाल्यातून नवा वैद्य घडवून आणला. लाकडी सोंगट्यांमध्ये तो अगदी विजोड दिसतो. पण त्याच्या हातातला मुळी कुटायचा बत्तासुद्धा तिने कोरला होता, हे मला मान्य केलंच पाहिजे. तुमच्यातल्या एका माणसाविषयी मी बरं बोललो. त्याची सवय लावून घेऊ नका.

मुलगी त्या माणसाशी उद्धट नव्हती. उद्धटपणा परवडला असता. ती त्याला हाकच मारत नसे. मीठ हवं असलं, तर ‘मीठ संपलंय इकडचं’ असं ती भिंतीवरच्या घड्याळाला सांगे. दार उघडायचं असलं, तर ‘बेल वाजतेय’ असं पंख्याला कळवी. काका नाही, बाबा नाही, अहो नाही, काहीच नाही. तो बिचारा घड्याळाला सांगितलेलं मीठ उठून आणून देई.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर माझा पट मांडला गेला. मुलीने तलवारवाली घेतली, आईने जादूगार. वैद्य दोघी मिळून चालवणार होत्या. उरला वाटाड्या, तो त्याच्या वाट्याला आला. आणि पहिल्या खेळीतच माणसाने आपली लायकी दाखवली.

मुलीने आपली सोंगटी उचलून पुलावर ठेवायला हात पुढे केला.

“थांब, थांब, थांब!” तो ओरडला. “उजवीकडे बघितलंस का? तिकडे काय आहे ते आधी बघ!” आणि त्याने तिचं मनगट धरलं.

टेबलाखाली त्याचा पाय फरशीवर दाबला गेला होता. शिकवण्याच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस चुकायच्या आत तो दाबायचा, हा त्याचा धंदा. तो त्याच्या इतका अंगात मुरला होता की त्याच्यासमोर कोणी निर्णय घेऊ लागलं की त्याचा पाय आपोआप खाली जाई. त्या दिवशी त्याने तलवारवाली चालवली, जादूगार चालवला, आणि वैद्याला झऱ्याकाठी नेऊन उभं केलं. मग सगळे सुखरूप परतले, आणि तो एकटाच खूश झाला.

मुलगी खुर्ची सरकवून उठली. “आई, एकट्याने खेळायचे पण खेळ मिळतात दुकानात,” असं म्हणाली आणि निघून गेली.

“मी फक्त सांगत होतो तिला,” तो म्हणाला.

“सांगत नव्हतास. तिची खेळी तू खेळलास. माझीसुद्धा.”

“चुकली असती ती.”

“मग चुकू दे की! इथे कोण ट्रकखाली येणार आहे?”

त्याने यावर विचार केला. सावकाश केला, कारण या कामाची त्याला सवय नव्हती. पुढच्या रविवारी तो दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन मांडी घालून बसला. अवघडलेला दिसत होता, पण हात आपल्या सोंगटीवर ठेवून होता. मुलीने ते पाहिलं. आणि भुयाराच्या तोंडाशी पोचल्यावर तिने मान ताठ केली, आवाज जाड केला आणि म्हणाली:

“ए वाटाड्या! तू पुढे हो. मी राणीची माणूस आहे, मला चिखल चालत नाही.”

आई फासा टाकायची थांबली. तो माणूस तर इतका गडबडला की त्याला आपल्या हातांचं काय करावं कळेना. थेट त्याच्याकडे बघून, त्याला उद्देशून उच्चारलेलं ते तिचं पहिलं वाक्य होतं.

“होय बाईसाहेब,” तो म्हणाला. “पुढे तीव्र वळण आहे. सावकाश यावे.”

अभिनयाच्या नावाने शिमगा. सूचनाफलक बोलतोय असं वाटलं. राजवाड्यातले, रानातले, समुद्रापलीकडचे वाटाडे रंगवता यावेत म्हणून मी जन्मलो, आणि माझ्या नशिबी हा रहदारीचा वाटाड्या. पण मुलगी हसली. त्यानंतर दर रविवारी ती त्याला फर्मानं सोडू लागली. “वाटाड्या, मशाल धर.” “वाटाड्या, घोरू नकोस, राक्षस जागा होईल.” खेळ आवरला, झाकण लागलं, की पुन्हा मीठ घड्याळाला सांगितलं जाई. तुम्हाला कळलं असेल, मित्रांनो. नसेल कळलं तर फोड करून सांगतो. त्या मुलीकडे त्या माणसाला हाक मारायला एकच शब्द होता, आणि तो माझ्या पेटीत राहत होता.

आता माझा एक कडक नियम ऐका. भुयारात कोणी मागे राहिलं आणि बाकीचे पाणी घेऊन परतले, तर गाव वाचतं आणि डाव जिंकला जातो. पण मागे राहिलेली सोंगटी पेटीच्या तळाशी जाते. त्या घरात ती पुन्हा कधी पटावर येत नाही. गोष्टीत गेलेला माणूस खरोखरच गेला पाहिजे, नाहीतर गोष्ट कसली?

एका रविवारी नेमकं तसंच झालं. तिघं झऱ्याचं पाणी घेऊन दाराशी पोचली होती. तेलाची एकच चकती उरली होती. आणि वाटाड्या पुलापलीकडच्या खड्ड्यात अडकला होता. खेळी तलवारवालीची होती. बाहेर पडायचं, की मागे वळायचं?

“सरळ हिशेब आहे,” तो म्हणाला. “मला काढायला फाशावर अठरा किंवा वरचं पडलं पाहिजे. विसातल्या तीनच बाजू. नाही पडलं तर दिवा विझणार आणि सगळेच बुडणार. मला सोडा, बाहेर पडा.”

“मग वाटाड्या तळाशी जाईल,” मुलगी म्हणाली.

“जाऊ दे की. लाकडाची सोंगटी ती. मी दुसरी घेईन. वैद्य होईन.”

या माणसाला फाशाच्या बाजू मोजता येतात, समोर बसलेल्या मुलीचा चेहरा वाचता येत नाही. तिचा खालचा ओठ दातांत धरलेला होता. आईने त्याच्याकडे पाहून डोळे मोठे केले. त्याला तेही दिसलं नाही. उलट त्याची मांडी सुटली, पाय फरशीवर दाबला गेला आणि हात तलवारवालीकडे गेला, तिला दाराबाहेर सरकवायला.

मुलीने आपला पंजा सोंगटीवर पालथा घातला.

“हात काढ, वाटाड्या. खेळी माझी आहे.”

“अगं, पण हरशील!”

“हात काढ म्हटलं ना!”

त्याने हात काढला. पाय उचलायला जरा वेळ लागला, पण तोही उचलला. तिने तलवारवाली पुलावरून मागे नेली, खड्ड्याच्या काठावर ठेवली आणि म्हणाली, “दोर धर रे. वजनदार आहेस, एकदाच ओढीन.” मग फासा टाकला.

सात.

शेवटची चकती उलटली. दिवा विझला.

“संपलं,” तो म्हणाला. “सगळं गेलं. मी सांगत होतो...”

“काय गेलं?” मुलीने विचारलं.

“सगळंच. हरलो ना आपण!”

“हरल्यावर काय करायचं ते माहितीये का तुला?”

त्याला माहीत नव्हतं. त्याच्या शिकाऊंना तो रस्त्याचे नियम पाठ करून म्हणायला लावतो. पण हरायचंच नाही असं ठरवून बसलेला माणूस हरल्यावरचा नियम कशाला शोधेल? तो झाकणावर नाही. तो पटाच्या पाठीवर छापलेला आहे. आणि पट उलटतो तो आवरताना. आवरण्याचं काम त्या घरात दुसऱ्या रविवारपासून मुलगीच करत होती. मोठी माणसं खेळ संपला की हात झटकून उठतात.

तिने पट उलटला आणि त्याच्यासमोर धरला. त्याने वाचलं: दिवा विझल्यास चारही सोंगट्या गावात परत ठेवाव्यात व डाव पहिल्यापासून सुरू करावा. कोणालाही वगळू नये.

“म्हणजे तुला आधीपासून...”

“सोडून गेलो असतो तर तू तळाशी गेला असतास. हरलो म्हणून सगळे आहोत.” मग तिने मान ताठ केली. “नियम वाचत जा, वाटाड्या. बाईसाहेबांनी किती शिकवायचं?”

आई इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं. तो मात्र हसला नाही. पटाची पाठ बराच वेळ वाचत बसला, जणू तिथे आणखी काही छापलं होतं. नव्हतं. मग त्याने स्वतः सोंगट्या गोळा केल्या, पुसल्या आणि खाचांमध्ये बसवल्या. जादूगार चुकीच्या खाचेत बसवला, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात शाळेची धांदल होती. मी कपाटावर होतो. माझं झाकण लागलेलं होतं आणि वर सुतळीची गाठ होती. खेळ चालू नव्हता. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण तुम्ही लोक वेळेची सरमिसळ करता.

“वाटाड्या!” आतल्या खोलीतून आवाज आला. “माझा दुसरा बूट कुठाय?”

तो दाढी करत होता. अर्धा गाल फेसाने भरलेला तसाच तो बाहेर आला, गुडघ्यांवर बसला आणि पलंगाखाली डोकावला.

“सापडला, बाईसाहेब.”

तर मित्रांनो, तुमच्याकडून मला फार अपेक्षा नाहीत. मला उन्हात ठेवू नका, पुठ्ठा वाकतो. दमट जागी ठेवू नका, कागद सुटतो. सोंगटी फटीत पडली तर हात घालून काढा, तुमचा हात काही झिजत नाही. दुसऱ्याची खेळी खेळू नका. आणि निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने मला आवरा.

आता जा. आज रविवार आहे, आणि माझी माणसं टेबल पुसतायत.