खड्ड्याला पाणी

तारेचा तुकडा वीतभरसुद्धा नव्हता. टेस्टरकाकांनी त्याची दोन्ही टोकं सोलली, एक टोक मेन बॉक्समधल्या न्यूट्रलच्या पट्टीत घातलं, दुसरं अर्थिंगच्या पट्टीत, आणि स्क्रू आवळले. हात जरासुद्धा थरथरला नाही. झाकण लावून त्यांनी त्याच्यावरची धूळ बाहीने पुसली. पुसल्यावर लक्षात आलं, की आता बॉक्स नुकताच उघडलेला दिसतोय.

लोकांच्या घरांत वायरिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. असला तुकडा त्यांनी कधी जोडला नव्हता. दुसऱ्या कुणी जोडलेला सापडला तर ते तो कापून घरमालकाच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, हा घ्या तुमचा यमदूत. घरातल्या एखाद्या यंत्राच्या अंगात चुकून वीज उतरली, तर ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत निघून जायला हवी. जमीन ती घेत नसेल तर असा तुकडा टाकतात, म्हणजे तपासणाऱ्या मीटरला सगळं ठीक वाटतं. पण बाहेर खांबावर न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार सुटली, की त्याच तुकड्यातून वीज उलटी घरात येते आणि अर्थिंगला जोडलेलं प्रत्येक लोखंड जिवंत होतं. हे काकांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की काकूंनाही पाठ झालं होतं.

काकू आतल्या खोलीत पडून होत्या. त्यांच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. दवाखान्यात जाऊन रक्त धुऊन घेण्याचे दिवस संपले, कारण हातांच्या शिरा सुई घेईनाशा झाल्या. मग डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. नळीतून औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढून घ्यायचं, की त्याच्याबरोबर रक्तातली घाण बाहेर येते. हे घरी हातानेही करता येतं, पण दिवसातून अनेकदा, मात्र फार स्वच्छपणे करावं लागतं. काकूंना अंधुक दिसायचं, म्हणून ते काम काकांकडे आलं. पण पक्कड धरली की दगडासारखा स्थिर राहणारा त्यांचा हात ती मऊ नळी धरली की कापायला लागायचा. दोनदा नळीचं तोंड भलतीकडे टेकलं आणि दोनदा पोटात पू झाला. पुन्हा झाला तर नळी काढावी लागेल, आणि मग आमच्याकडे करण्यासारखं काही राहत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ते काकूंकडे बघून बोलले. काका त्या वेळी हात पाठीमागे घेऊन उभे होते.

उरलं होतं एक मशीन. ते रात्रभर हे सगळं आपोआप करतं. दिवसातून एकदा जोडून द्यायला दवाखान्यातली नर्स घरी जाता-जाता थांबणार होती. एका संस्थेकडे अशी मोजकी मशीनं होती आणि त्यातलं एक मोकळं झालं होतं. ते कसं मोकळं झालं हे कुणी विचारलं नाही. फक्त घराची अर्थिंग चांगली हवी, कारण झोपलेल्या माणसाच्या पोटाला जोडलेलं यंत्र होतं ते.

मागच्या आठवड्यात मशीनवाला येऊन मीटर लावून गेला होता. जमीन वीज किती अडवते त्याचा आकडा पाचच्या आत हवा होता, आला वीसच्या वर. तुमचंच घर, तुमचाच धंदा, मग असं कसं हो काका, असं तो सहज बोलून गेला.

असं कसं, ते काकांना ठाऊक होतं. घर बांधताना अर्थिंगचा खड्डा खणायला घेतला तर कमरेइतक्या खोलीवरच खडक लागला. मग त्यांनी खड्डा तेवढाच ठेवला आणि एक पट्टी नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली. तो पाइप गल्लीखालून, रस्त्याखालून गावभर गेलेला, त्याच्यापेक्षा चांगली अर्थिंग कुठली? पुढे गल्लीत प्लास्टिकचे पाइप आले, आणि प्लास्टिक वीज नेत नाही. खणणारी माणसं पुढच्या घराकडे सरकली तेव्हा काका दारात उभे राहून बघत होते. आता खड्ड्याचं काहीतरी करायला हवं, असं त्यांच्या मनात आलंही होतं. तेव्हाच काकूंचे पाय पहिल्यांदा सुजले.

आठवडाभर ते मागच्या अंगणातल्या त्या खड्ड्याच्या मागे लागले. जमीन ओली राहिली की वीज घेते, म्हणून मीठ घातलं, कोळसा घातला. पाणी ओतलं, पण उन्हाळ्यात नळाला पाणीच जेमतेम यायचं. काकूंना दिवसाला एकच पेला पाणी पिण्याची परवानगी होती. त्या खिडकीतून बादल्या रिकाम्या होताना बघायच्या. "मला मोजून पेला," त्या एकदा म्हणाल्या, "आणि या सवतीला बादलीने." काका हसले होते. आकडा पंधरावर येऊन अडकला होता.

आणि आज मशीनवाला मशीन घेऊन दारात उभा होता.

त्याने मीटर सॉकेटला लावला, बघितलं, काढून पुन्हा लावला. आकडा एकच्याही खाली होता. या भागात इतकी छान अर्थिंग मी पाहिली नाही, काका तुम्ही म्हणजे कमाल आहात, असं म्हणत तो खोका आत आणायला गाडीकडे गेला. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. ते बंद होतं.

"अहो," आतून काकूंनी हाक मारली. "जरा इकडे या."

काका दारापर्यंत गेले.

"काल पंधरा म्हणालात ना?"

"उतरला. कोळसा घातलाय त्याचा..."

"नळाला काल पाणी नव्हतं."

काकूंनी पांघरूण बाजूला केलं आणि कोपरावर भार देऊन उठून बसल्या. त्याला बराच वेळ लागला.

"तुकडा टाकलात?"

"पाऊस येईपर्यंतच," काका हळू आवाजात म्हणाले. "मग खड्डा आपोआप ओला होईल. तोवर मी रोज बघेन. खांबावरची तार चांगली आहे, मी बघून आलोय."

"लोकांनाही असंच वाटतं, असं तुम्हीच सांगायचा."

"अगं, दुसरं काही नाहीये आता."

"मला कळतंय ते. मला काय मरायची हौस आहे?" त्या धाप लागली म्हणून थांबल्या. "पण तार सुटली आणि मला धरलं त्या मशीनने, तर तुम्ही काय कराल?"

"मेन बंद करेन. आधी मेन बंद करायचा."

"नाही करणार. तुम्ही मला धरायला याल."

काकांनी दाराची चौकट धरली. आपण काय करू हे त्यांना स्वतःला नक्की सांगता आलं नसतं, आणि काकूंना ते इतकं सरळ दिसत होतं.

"काढा तो," काकू म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या.

मशीनवाला खोका घेऊन आत आला तेव्हा काका मेन बंद करून झाकण उघडत होते. त्यांनी तुकडा कापला आणि मशीनवाल्याने खोका खाली ठेवल्यावर सवयीनेच त्याच्या तळहातावर ठेवला. यमदूत वगैरे काही बोलले नाहीत. मेन पुन्हा चालू करून मीटर लावा म्हणाले. आकडा पंधरा आला.

मशीनवाल्याने तो तुकडा बोटांत फिरवून बघितला.

"मला हे दिसलंही नसतं, काका."

"माहीत आहे."

नियम नियमच होता, आणि मशीनच्या यादीत पुढचं घर वाट बघत होतं. पण तो वाईट माणूस नव्हता. इकडच्या बाजूला त्याला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं, ते उरकून तो संध्याकाळी याच रस्त्याने परतणार होता. तोवर मशीन गाडीत राहील, आकडा पाचच्या आत आला तर इथेच उतरवतो, असं सांगून तो गेला.

त्यानंतर काकांनी घरातलं पाणी शोधायला सुरुवात केली. पिंपातलं तळाचं पाणी गेलं, भांडी विसळलेलं गेलं, पायरीजवळच्या दोन कुंड्यांच्या वाट्याचं गेलं. शेजारच्या वहिनींनी कपडे धुतलेलं पाणी कुंपणावरून दिलं आणि वर प्यायच्या पाण्याची अर्धी बादलीही दिली. काय झालंय ते त्यांनी विचारलं नाही, काकांचा चेहराच तसा होता. आपल्या जुन्या मीटरवर काका मधूनमधून आकडा बघत होते. तेरा झाला. अकरा झाला. काका गुडघ्यांवर बसून खड्ड्यात पाणी सोडायला उभ्या केलेल्या पाइपात पातेल्याने थोडं थोडं पाणी सोडत होते, एकदम ओतलं तर बाजूने वाहून जाईल म्हणून. खालून बुडबुड आवाज यायचा, मग तोही थांबायचा. माती तेवढ्यात कोरडी दिसायची. नऊ झाला. नळाची तोटी त्यांनी उघडीच ठेवली होती. तिच्यातून फक्त हवेची फुसफुस येत होती.

संध्याकाळी गाडी दाराशी थांबली. मशीनवाल्याने आपला मीटर लावला. आठ.

त्याने पुन्हा लावला, दुसऱ्या सॉकेटला. तिथेही आठच. पुढच्या वेळी तुमचं नाव वर घालायला सांगतो, आकडा उतरला की मला लगेच फोन करा, असं तो म्हणाला. पुढचं मशीन कधी मोकळं होईल हे त्याला सांगता येईना, आणि काकांना विचारता येईना. जाताना त्याने आतल्या खोलीच्या दारात उभं राहून, येतो काकू, म्हटलं. "सावकाश जा," काकू म्हणाल्या.

गाडी वळली. काका तिच्या आवाजाकडे कान लावून थोडा वेळ अंगणात उभे राहिले. मग मागच्या पायरीलगतच्या खड्ड्याजवळ येऊन बसले. पातेलं रिकामं होतं. ते त्यांनी तरीही एकदा पाइपावर तिरकं केलं.

मागचं दार वाजलं. काकू भिंत धरत येत होत्या. काका उठायला लागले तेव्हा काकूंनी मानेनेच नको म्हटलं आणि त्या पायरीवर बसल्या. हातात पाण्याचा पेला होता, त्यांचा दिवसाचा. तो अजून भरलेलाच होता.

"हे काय? प्यायला नाहीस दिवसभर?"

"ठेवला होता."

"पी की मग. ओठ बघ कसे सुकलेत."

काकूंनी पेला ओठांना लावला. एक घोट घेतला, तो तोंडात बराच वेळ धरला आणि मग गिळला. नंतर त्या पुढे वाकल्या आणि उरलेलं पाणी पाइपात सोडायला लागल्या, काका सोडत होते तसंच, थोडं थोडं. काकांनी त्यांना अडवलं नाही. स्वतःचा हात कापत होता म्हणून त्यांनी तो पेल्याला न लावता काकूंच्या पाठीमागे, पायरीवर टेकवून ठेवला.

खड्ड्याने पाणी घेतलं. काकू पेला उपडा धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबल्या.