साखळी ओढून बघताना

बबनरावांनी साखळीचं टोक डोक्याभोवती गरागरा फिरवलं आणि काउंटरवर आपटलं. काचेला आडवा तडा गेला. काचेखाली जयमालाच्या वडिलांचा कंपनीतून निवृत्त झाल्या दिवशीचा फोटो होता. हार घातलेले वडील मानेपाशी दुभागले.

“वाजते चांगली,” बबनराव म्हणाले.

दुकानाची मालकीण जयमाला हिनं आधी काचेकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे.

“काका, साखळी वाजवून घेत नाहीत. मडकं वाजवून घेतात.”

चाकणच्या त्या रस्त्यावर तिचं दुकान होतं. क्रेनच्या साखळ्या, हूक, वायररोप, सगळा माल कारखान्यांना जायचा. दोन म्हातारे भाऊ चऱ्होलीहून एका छोट्या ट्रॅक्टरवर बसून, कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत साखळी घ्यायला येतील, असं तिच्या मनातही नव्हतं. साखळी एकच हवी होती, पण ट्रॅक्टर दोघांचा होता. बबनराव धाकटे आणि धोंडीबा थोरला. वाटणीत जमीन वाटली, भांडी वाटली, आई होती तोवर तीही एकेक महिन्याच्या पाळीनं वाटली. ट्रॅक्टर तेवढा चिरता आला नाही. पुढे बिल्डर आले, दोघांच्या दारात मोटारी आल्या, पण दुसरा ट्रॅक्टर कुणीच घेतला नाही. जो घेईल तो हरला, अशी दोघांची समजूत.

वाटणीपासून दोघांत अबोला होता. अबोला म्हणजे गप्प बसणं नव्हे. अबोला धरलेली भावंडं इतरांपेक्षा जास्तच बोलतात, फक्त तिसऱ्याला मध्ये घालून. आज तिसरी जयमाला होती. तिला ते कुणी विचारलं नव्हतं.

“त्याला सांगा,” बबनराव म्हणाले, “ही पांढरी घ्यायची. चकचकीत हाय, हलकी हाय.”

“ती गेटला लावायची असते, काका. कुत्रा बांधा, सायकल बांधा. ओढायला ही काळी घ्या.” जयमालानं कप्प्यातून दुसरी साखळी ओढून काढली. तिच्या कड्या अंगठ्याएवढ्या जाड होत्या. “कारखान्यात साचे उचलतात हिनं. तुम्हाला ओढायचंय काय?”

“बाभळीचं खोड,” धोंडीबा म्हणाला.

“तेच खोड,” बबनराव म्हणाले.

ते खोड दोघांच्या बांधावर होतं. गेल्या उन्हाळ्यात ते उपटताना जुनी साखळी तुटली आणि तुटलेलं टोक माघारी येऊन खोडाशी उभ्या असलेल्या बबनरावांच्या जबड्यावर बसलं. ट्रॅक्टर धोंडीबा चालवत होता. बबनरावांचे एका बाजूचे दात गेले, जबडा तारेनं बांधावा लागला. खोड जागच्या जागी राहिलं. गाव म्हणालं, साखळी जुनी होती. तार काढल्यावर बबनराव जे पहिलं वाक्य बोलले ते गावानं पाठच केलं: साखळी जुनी होती, झटका नवा होता.

त्यांना थोरल्याच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं की झटका मुद्दाम होता. धोंडीबा हो म्हणत नव्हता. भांडायला सोपं जावं म्हणून नाही म्हणावं, तर तेही म्हणत नव्हता. तो पारावर येऊन बसला की बोलणाऱ्यांना एकदम पावसापाण्याची काळजी वाटू लागायची.

“ही काळीच द्या,” धोंडीबा म्हणाला. “लागंल ते लागंल.”

“त्याला विचारा, एवढी जाड कशापायी?” बबनरावांचा आवाज चढला. “मागल्या खेपंला जबडा गेला. आता काय मुंडकं न्यायचंय?”

“काका, ते म्हणतायत—”

“ऐकलं,” धोंडीबा म्हणाला. “त्याला सांगा, जाड हाय ती तुटत न्हाई.”

“मंजी बारीक हाय ती तुटती हे ठावं होतं त्याला! विचारा, ठावं होतं का!”

जयमालानं विचारलं नाही. धोंडीबा साखळीच्या कड्या बोटांनी चाचपत राहिला, एक झाली की दुसरी.

बबनरावांनी पांढरी साखळी मुठीवर गुंडाळली आणि पहिला ठोसा थोरल्याच्या डाव्या भुवईवर घातला. भुवई उघडली. दुसरा छातीत बसला, तशी धोंडीबाची पाठ मागच्या मांडणीवर आदळली आणि हुकांचे खोके धडाधड खाली आले. तिसऱ्याला तो गुडघ्यावर बसला. रक्त पापणीवरून ओघळून सदऱ्याच्या खिशात जात होतं. त्याचे हात मांडीवर होते, पंगतीला बसावं तसे.

“हात उचल म्हणावं त्याला!” बबनराव धापा टाकत ओरडले. “सांगा त्याला! हात उचल म्हणावं, भाडखाऊ!”

“मी असले निरोप पोचवत नाही,” जयमाला म्हणाली. तिनं दाराआडचा लोखंडी पाइप काढला आणि काउंटरवर असा हाणला की उरलेली काचही खाली आली. “आता काच माझ्या हातून फुटली, तिचे पैसे तुमच्याकडे मागणार नाही. पण पुढचा पाइप गुडघ्यावर बसेल. माझे वडील युनियनमध्ये होते, मला शिकवलंय.”

बबनराव थांबले. मुठीवरची साखळी सोडवताना त्यांच्या लक्षात आलं की तिच्या दोन कड्या उघडल्यात. माणसाच्या कपाळावर उघडल्या म्हणजे गेटला सुद्धा लावायच्या लायकीची नव्हती.

“काळी दाखवा,” ते पडल्या आवाजात म्हणाले. “पर ओढून बघनार. आन् ट्रॅक्टर मी चालवनार, सांगा त्याला.”

दुकानामागच्या आवारात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा काँक्रीटमध्ये उभा गाडलेला होता. ज्याला खात्री हवी त्यानं साखळी त्याला अडकवून ओढून बघावी, अशी दुकानाची रीत. जयमालानं स्वतः हूक अडकवले, एक रुळाला, एक ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या पट्टीला.

“आधी हळूहळू ताण द्या, मग ओढा. ढील ठेवून झटका मारायचा नाही. आणि साखळीच्या जवळपास कोणी उभं राहायचं नाही. थांबा, मी ओलं पोतं आणते साखळीवर टाकायला, म्हणजे तुटली तरी उसळत नाही.”

ती आत गेली. नळाचा आवाज आला.

धोंडीबा भुवईवर पंचा दाबून भिंतीशी उभा होता. तिथून तो निघाला आणि रुळाजवळ, साखळीपासून हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला. खोडापाशी बबन असाच उभा होता. धोंडीबानं पंचा खांद्यावर टाकला, हात मोकळे सोडले.

बबनरावांनी मान वळवून पाहिलं. मग ट्रॅक्टर मागे घेतला. साखळी सैल पडली, जमिनीवर तिचं वेटोळं झालं. गिअर पडल्याचा आवाज आला. इंजिन चढत चढत किंचाळायला लागलं, सायलेन्सरमधून काळा लोट आला.

“ओ काका! ढील काढा आधी!” दारातून जयमाला ओरडली. “बाजूला व्हा तुम्ही! अहो!”

बबनरावांचा डावा पाय क्लचवरून एकदम वर आला.

वेटोळं जमिनीवरून नाहीसं झालं. साखळी हवेत सरळ झाली ती धोंडीबाच्या कमरेच्या उंचीवर, आणि बंदुकीसारखा बार झाला. रूळ घंटेसारखा घुमला. बुडाशी काँक्रीट तडकून त्याचा टवका धोंडीबाच्या नडगीवर बसला. ट्रॅक्टरची पुढची चाकं हातभर वर उचलली गेली, क्षणभर तिथंच राहिली, आणि धाडकन खाली आली. इंजिन बंद पडलं.

साखळी तुटली नाही.

ओढणारा माणूस साखळीकडे बघतो. बबन साखळीकडे बघत नव्हता. सीटवरून मागे वळून, दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, तो थोरल्या भावाच्या तोंडाकडे बघत होता. ती नजर धोंडीबानं आरशात कधी पाहिली नव्हती, पण आतून ती कशी असते ते त्याला ठाऊक होतं.

“मरायचंय का तुम्हाला?” जयमालाच्या हातातून पोतं गळून पडलं होतं. “आणि तुम्ही! तुम्हाला दिसत नव्हतं, माणूस उभाय ते?”

बबनराव खाली उतरले, दोन पावलं गेले आणि चाकाला धरून ओकले. मग तिथंच मातीत बसले. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

धोंडीबा लंगडत आला. त्यानं रुळाचा हूक काढला, ट्रॅक्टरचा काढला, साखळी कडी कडी करून खांद्यावर घेतली. बसलेल्या भावाजवळ येऊन तो थांबला.

“बाई, त्याला सांगा,” तो म्हणाला, “साखळी चांगली हाय.”

“मी नाही सांगणार,” जयमाला म्हणाली.

“व्हय,” बबनराव मातीकडे बघत म्हणाले. “चांगली हाय.”

परतीच्या वाटेवर ट्रॅक्टर धोंडीबानं चालवला. बबनराव मडगार्डवर साखळी मांडीवर घेऊन बसले होते. मोशीच्या अलीकडे एक मिसळीची गाडी दिसली तशी धोंडीबानं ट्रॅक्टर कडेला घेतला, उतरला आणि उभ्याउभ्यानं एक प्लेट संपवली. मग दुसरी मागितली. कट मागितला, वर आणखी पाव मागितले. भुवईवरचं रक्त वाळून काळं झालं होतं, रश्श्याच्या तिखटानं नाकडोळे वाहत होते, आणि तो खात होता.

गाडीवाली बाई मघापासून बघत होती.

“बाबा, एवढं कशानं लागलं वो? कुठं पडला का काय?”

“न्हाई न्हाई,” धोंडीबा घास गिळून म्हणाला. “भावासंगं साखळी घ्यायला गेलतो.”