अमृतजल आणि लिंबावरच्या अळ्या

"मेल्या! बघा, मेल्या!"

जोगेश्वरीच्या त्या चाळीपुढे रविवारी सकाळी दोनशे माणसं एकदम ओरडली. चंद्रप्रकाश महाराजांनी दोन बरण्यांत लिंबाच्या झाडावरच्या अळ्या सोडल्या होत्या आणि दोन्हींत गटाराचं 'रोगाचं' पाणी शिंपडलं होतं. डाव्या बरणीतल्या अळ्या पाच मिनिटांत तडफडून मेल्या. उजवीत महाराजांच्या मंतरलेल्या औषधाचे, अमृतजलाचे, तीन थेंब टाकले होते. तिथल्या अळ्या मजेत पानं कुरतडत होत्या.

"किड्याला रोग शिवला नाही, मग तुमच्या लेकराला शिवेल?" महाराजांनी वर्तमानपत्राचं कात्रण उंचावलं. "ही तुमच्याच चाळीतली पोर! हिनं दुर्बिणीतून पाहिलं ते आम्ही ध्यानात पाहिलं!"

कात्रणातली डॉ. शकुंतला रणपिसे गर्दीत मागेच उभी होती. किड्यांचं रक्त जंतूंशी कसं लढतं, हे शोधण्यात तिची बारा वर्षं गेली होती. बातमी छापून आली तेव्हा तिच्या आईनं, सुंदराबाईंनी, चाळभर पेढे वाटले होते. आज त्यांनीच तिला तातडीनं बोलावून घेतलं होतं. शेजारच्या अंबादासच्या जयाला नऊ दिवस ताप होता. गोळ्या बंद करून तिला अमृतजल पाजत होते, आणि तेही शकुच्या नावावर.

अंबादासच्या खांद्यावर पोर मान टाकून पडली होती. ओठ पांढरे पडलेले.

"अंबादास, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चल."

"शकुताई, शोध तुझाच ना? मग आता तूच उलटी का फिरतेस?"

शकुच्या नावाला भुललेल्या माणसाला तिच्याच नावानं कसं सोडवायचं? तिची नजर डाव्या बरणीवर गेली. प्रयोगशाळेत ती अळीला सुईनं जंतू टोचायची, तरी अळी मरायला दिवस जायचा. आणि इथे पाच मिनिटांत? हे जंतूंचं काम नव्हे.

"महाराज, एकदा मलाही करू द्या."

"देवाची परीक्षा घेतेस? भस्म होशील!" दोन चेले आडवे आले.

"करूंदे तिका!" मागून चाळीतला मालवणी लवू ओरडला. "भियाचा काय आसा?"

लोक हसले. चेल्यांना बाजूला व्हावं लागलं.

शकुनं डावी बरणी रिकामी केली आणि तिच्यात ताज्या अळ्या सोडल्या. गटाराचं पाणी घातलंच नाही. लवूच्या घरचा धुतलेला ग्लास घेऊन त्यात दुसऱ्या अळ्या ठेवल्या, वर गटाराचं पाणी शिंपडलं. अमृतजल नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. बरणीतल्या अळ्या निवांत होत्या. महाराज हसू लागले. शकुनं वाकून बरणीत पाहिलं. बरणीला आतून विष लावलेलं असणार, पण ते मघाच्या पाण्याबरोबर धुऊन गेलं असेल तर?

तेवढ्यात एक अळी वेडीवाकडी वळली. मग दुसरी. ग्लासातल्या मात्र पान खात होत्या.

"रोगाचं पाणी ग्लासात आहे," शकु म्हणाली, "आणि मरतायत बरणीतल्या!" तिनं बरणीत बोट फिरवून लवूच्या नाकाशी धरलं.

"तंबाखू!"

"तंबाखूचा काढा. आतून फासून वाळवलेला. उजवी बरणी तेवढी स्वच्छ. आणि किड्याच्या रक्तात जे लढतं, त्याचं औषध अजून कुणी बनवलेलं नाही. मीसुद्धा नाही."

महाराज झोळी उचलायला वाकले, तोवर लोकांनी त्यांना घेरलं होतं. अंबादास शकुच्या पायाशी वाकला. ती झटकन मागे सरली.

"पाया कसले पडतोस? रिक्षा थांबव! आणि सगळ्यांनी ऐका. उद्या माझं नाव घेऊन कुणी आला, किंवा मी स्वतः आले, तरी आधी म्हणा, आमच्यासमोर करून दाखव, आणि आम्हालाही करू दे."

जयाला विषमज्वर निघाला. तीन आठवड्यांनी ती आपल्या पायांनी चाळीचा जिना चढली, ती डॉक्टरांच्या औषधानं.