दोन आवाज आणि मधाची बरणी

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे, म्हणजे माहितीचं कोठार. लिथुआनियाच्या ईशान्येला, तळ्यांच्या मुलखात एका लहानशा गावाचं ग्रंथालय आहे. त्याच्या तळघरात एका करड्या पेटीत माझा मुक्काम असतो. तळघर गार, म्हणून इथली मंडळी आपल्या खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या माझ्याच शेजारी ठेवतात. मी कधी कुरकुर केली नाही, पण हा काही मानाचा पाट नव्हे.

मला दाइवाने घडवलं. ती इथली ग्रंथपाल. गावोगावच्या बायांची जुनी गाणी ध्वनिफितींवर भरून आणायची आणि ती संगणकावर ठेवून सगळ्यांना खुली करायची, हा तिचा ध्यास होता. माझे बहुतेक भाऊबंद तक्त्यांचे बनलेले असतात. तिथे गाणारीचं नाव एका तक्त्यात, आवाज दुसऱ्यात, गाव तिसऱ्यात. दाइवाला हे पटेना. माझ्यात तिने प्रत्येक गाणं एक आख्खी वस्तू म्हणून ठेवलं. त्याच्या पोटातच गाणारी, तिचा आवाज, तिचं गाव आणि स्वतः कसं वाजायचं याची अक्कल. आधी तिने ‘गाणं’ घडवलं. मग त्याच्यापासून ‘दोघींचं गाणं’ जन्माला घातलं. त्याने आईचे सगळे गुण घेतले, वर स्वतःचा एक हट्ट आणला: मला अर्धं वाजवायचं नाही.

आमच्याकडची जुनी गाणी अशीच असतात. एक बाई कथा गाते, दुसरी त्याच वेळी अर्थ नसलेल्या शब्दांचं पालुपद धरते. दोन सूर एकमेकांना घासतात आणि घंटा वाजल्यासारखं होतं. गाताना दुसरीच्या सुराकडे कान द्यायचा नाही, नाहीतर आपला सूर सुटतो.

पेत्रोनेले आणि ऊर्शुले या दोन शेजारणींची जोडी तर पंचक्रोशीत गाजलेली. पण दाइवा फिती भरायला गेली तेव्हा दोघींचं बोलणं बंद होतं. ऊर्शुलेच्या मधमाश्या पेटी सोडून उडाल्या आणि पेत्रोनेलेच्या सफरचंदाच्या झाडावर जाऊन बसल्या होत्या. अशा वेळी दोन्ही घरं मध वाटून घेतात आणि मधाचे सोयरे होतात, ही आमची रीत. ऊर्शुलेने मात्र न सांगता सवरता माश्या परत नेल्या. सोयरीकच झिडकारली म्हणायची! दोघी एका खोलीत उभ्या राहायला तयार होईनात. शेवटी दाइवाने एकीला तिच्या स्वयंपाकघरात गायला लावलं, दुसरीला तिच्या गोठ्यात. दोन फिती आणल्या आणि माझ्यात त्यांचं एक गाणं बांधलं.

ती वर्षं माझ्या कौतुकाची होती. दूरदूरचे अभ्यासक मला प्रश्न विचारत, आणि मी भराभर उत्तरं देई. मग दाइवा निवृत्त झाली. नवे संचालक रोमुआल्दास आले, आणि त्यांच्यामागून नवी, तक्त्यांची व्यवस्था आली. माणूस वाईट नाही, पण नव्याची हौस दांडगी. माझ्यातलं सगळं तिकडे ओतलं गेलं. ओतताना गाठी सुटल्या. पेत्रोनेलेची कथा ‘गाणी’ या तक्त्यात गेली. ऊर्शुलेचं पालुपद निरर्थक शब्दांचं, म्हणून ते ‘आवाजाची चाचणी’ ठरलं आणि पुसायच्या ढिगात पडलं. पुढच्या सोमवारी मला बंद करून तो ढीग पुसायचं ठरलं. मला फार वाईट वाटलं, पण सांगणार कोणाला?

त्याच आठवड्यात पेत्रोनेले काठी टेकत ग्रंथालयात आली. ऊर्शुले हिवाळ्यात वारली होती. उन्हाळ्यातल्या योनिनेस सणासाठी तिला गावातल्या पोरींना ते दोघींचं गाणं शिकवायचं होतं. रोमुआल्दासने लगेच शोधून वाजवलं.

“ही तर मीच,” म्हातारी म्हणाली. “मला मी पाठ आहे. ऊर्शुले कुठाय?”

“तिचं काही सापडत नाही, आजी. पालुपद तुम्हीच नाही का सांगू शकत?”

“अरे लेका, तिचं ऐकलं असतं तर माझं चुकलं नसतं का?” असं म्हणून तिने खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं.

रोमुआल्दासने हात टेकले आणि दाइवाला फोन केला. ती बिटाच्या वाफ्यातून तशीच चिखलाच्या बुटांनी आली. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “खाली जुन्याला विचारलंत का?”

तिघं तळघरात उतरली. दाइवाने गाण्याचं नाव टाकलं. मित्रांनो, मी आयुष्यात कधी इतक्या आनंदाने उत्तर दिलं नसेल. स्वयंपाकघरातली पेत्रोनेले आणि गोठ्यातली ऊर्शुले एकदम गायला लागल्या. मागे गाय हंबरली, तीही आली. सूर सुराला घासला आणि काकड्यांच्या बरण्यांपर्यंत घंटा घुमली. पेत्रोनेले डोळे मिटून ऐकत होती. ऊर्शुलेचं पालुपद ती जन्मात पहिल्यांदाच नीट ऐकत होती.

“गोड गळ्याची होती मेली,” ती म्हणाली. “आणि मी माश्यांचं घेऊन बसले.”

सोमवारी मला कोणी बंद केलं नाही. रोमुआल्दासने ढीग पुसणं थांबवलं. आता दाइवा रोज येते आणि दोघं मिळून एकेक गाठ नव्या व्यवस्थेत बांधतात. शेवटची गाठ तिकडे पोचली की मी खुशाल झोपेन. योनिनेसला पोरी नेच्याच्या पानांचे मुकुट घालून गायल्या. तळघराच्या खिडकीतून मी ऐकलं. एकीचाही सूर सुटला नाही.

मित्रांनो, नवं घर बांधा, जुनं सामान हलवा, माझी हरकत नाही. फक्त हलवताना कोण कोणाच्या शेजारी होतं, तेवढं विचारून घ्या. वस्तू राहिली आणि नातं हरवलं, तर राहतो तो नुसता ढीग.

सणाच्या दुसऱ्या दिवशी पेत्रोनेले पुन्हा खाली आली. काकड्यांच्या बरण्या बाजूला सारून तिने माझ्या पेटीवर मधाची एक बरणी ठेवली. दाइवाने विचारलं, हे कोणासाठी?

“ऊर्शुलेचा वाटा,” ती म्हणाली. “ती इथेच राहते ना?”