मोठ्याने घेतलेलं नाव

एसा प्रुइटने टोपी काढली आणि कचेरीची शेवटची पायरी चढला. समोर टेबलाशी कारकून वही उघडून बसला होता आणि शेजारच्या खुर्चीत खुद्द गव्हर्नरपदाचा उमेदवार, बार्नबस किम्ब्रो. त्या काळी केंटकीत मत तोंडाने द्यायचं, चारचौघांत. आणि उमेदवाराने उठून आभार मानायचे.

"एसा, बायकोला विचारून आलास ना?" मागून लोहार ओरडला. "तुझ्याआधी तिला यानेच मागणी घातली होती. तिने तुला निवडलं नसतं, तर आज गव्हर्नरीणबाई झाली असती!"

रांग खो खो हसली. अकरा वर्षं हेच चाललं होतं. किम्ब्रोचा घोडा, किम्ब्रोचं दगडी घर आणि आता ही निवडणूक. एसाचा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात किम्ब्रो माणूस चांगला होता, याचा तर त्याला जास्तच राग यायचा. मत दुसऱ्याला द्यायचं, हे तो घरूनच ठरवून निघाला होता.

"एसा प्रुइट. गव्हर्नर म्हणून कोण?" कारकुनाने विचारलं.

एसाने वळून पाहिलं. दूर चौकात, घोडागाडीत त्याची बायको लव्हिनिया बसली होती. ऑगस्टच्या उन्हातही तिने टोपीची फीत सैल केली नव्हती.

"कोण?"

लोहार खाकरला. आता दुसरं नाव घेतलं, तर हा गावभर सांगत सुटणार, अजून जळतो म्हणून.

"अहो प्रुइट, कोण?"

"बार्नबस किम्ब्रो!" तो एवढ्या जोरात ओरडला की बांधलेले घोडे बिचकले.

किम्ब्रो उठून वाकला. "आभारी आहे, प्रुइट. घरी सगळं ठीक?"

परतताना ओढा ओलांडल्यावर लव्हिनिया म्हणाली, "चौकापर्यंत ऐकू आलं."

"दुसरं नाव घेतलं असतं, तर लोक काय म्हणाले असते?"

"म्हणू द्यायचं होतं." ती रस्त्याकडे बघत होती. "तुम्हाला माझं काही वाटतं, हे अकरा वर्षांत एकदा तरी मला कळलं असतं."

एसाने लगाम खेचला. घोडी थांबली.

"त्याचं नाव तोंडातून निघत नव्हतं गं. कारकुनाला तीनदा विचारावं लागलं."

लव्हिनियाने टोपीची फीत सोडली, टोपी मांडीवर घेतली.

"तीनदा?" तिने विचारलं.