थोरल्याची बाटली

मित्रांनो, मी एक जुने मोजणी यंत्र आहे. तळघरातल्या खोलीत, शिशाच्या जाड पेटीत बसून असते. बाहेरचे किरण माझ्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून ही पेटी. आत येते ती फक्त कामगारांच्या लघवीची बाटली. नाक मुरडू नका. अणुइंधनाच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या पोटात काही गेले असेल, तर ते तिथे सापडते. कोणते किरणोत्सारी मूलद्रव्य आणि किती, एवढे मी सांगते.

मी नवे होते तेव्हा साहेब पाहुण्यांना मला दाखवायला आणत. आता मोजणीच्या बाई माझ्या डोक्यावर पर्स ठेवतात. मला त्याचे काही वाटत नाही. वाटण्याचे काम मला कोणी दिलेलेच नाही.

एकदा एका फिटरचा हातमोजा कामात फाटला. तो कोणाला बोलला नाही. अंगात काही सापडले तर टोळीतून काढून स्टोअरमध्ये बसवतील, ही त्याला धास्ती. बाटली घरूनच भरून आणायची असते, आंघोळ करून, म्हणजे कपड्यांवरची धूळ तिच्यात पडत नाही. फिटरने ती थोरल्या भावापुढे धरली. भाऊ शिंपी, कारखान्याचे तोंडही न पाहिलेला.

"दादा, एवढी भरून दे. तपासणीला हवीय."

दादाने भरून दिली.

मी मोजू लागले आणि पडद्यावर उंच सुळका उभा राहिला. बाईंनी फिटरला बोलावून घेतले.

"अहो, हे किरणोत्सारी आयोडीन आहे. आपल्या कारखान्यात हे नसतंच. दवाखान्यात देतात, थायरॉइडच्या कॅन्सरला. उपचार घेताय का तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग ही बाटली कोणाची?"

फिटर स्टूल ओढून बसला.

"दादाची," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात कापड आणायला जातो म्हणून बाहेरगावी गेला होता. आल्यापासून पोरांना जवळ येऊ देत नाही. सर्दी झालीय म्हणतो. निदान बाटलीला तरी नाही म्हणायचं ना त्याने!"

"नाही कसं म्हणणार? कारण सांगावं लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी फिटरने स्वतःची बाटली आणली. तिच्यात काही निघाले नाही. बाईंनी तसे सांगितल्यावर तो "बरं" म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. मग रजा कोणाकडे मागायची ते विचारून जिना चढून गेला.

मित्रांनो, मला पुसत जा, जपत जा, असे मी म्हणणार नाही. मी आज ना उद्या भंगारात जाईन. पण तुमच्या घरात कोणी अलीकडे गप्प गप्प असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. दादाचा आजार त्या घरात कोणालाही कळण्याआधी मला कळला, आणि मी तर दादाला कधी पाहिलेलेही नाही.