चिरकी शिट्टी

सुनेने वीतभर मॉडेल इंजिनामागचा कोळशाचा डबा उलटा केला आणि त्याचे चारही स्क्रू पुन्हा काढले. आत नखाएवढी चिप होती आणि काड्यापेटीहून लहान स्पीकर. स्पीकरच्या मागून हवा निसटली की आवाज पत्र्याचा येतो, म्हणून त्याच्या कडा तिने पुट्टीने लिंपल्या होत्या. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी ती स्पीकर लिंपत नव्हती, कुणाचं तरी तोंड बंद करत होती.

ते तोंड समोरच्या खुर्चीत बसलं होतं.

"झालं का, सूनबाई? की अजून भरतकाम चालू आहे?"

"होतंय, बाबा," ती मान खाली घालूनच म्हणाली.

"झालं का म्हटलं."

तिने मान वर केली. "होतंय."

"घाई नाही. बायकांच्या हातचं इंजिन शिवणयंत्रासारखंच वाजायचं."

सासऱ्यांची हयात रेल्वेत गेली होती हे खरं; पण ती पार्सल ऑफिसात, ट्रंका आणि गाठोडी मोजण्यात. वाफेच्या इंजिनाशी त्यांचा संबंध एवढाच, की ते खिडकीबाहेरून जायचं. निवृत्त झाल्यावर मात्र छोट्या रेल्वेच्या क्लबात त्यांनी असा काही आव आणला, की तिथल्या भाबड्या मंडळींनी त्यांना परीक्षकच करून टाकलं. प्रदर्शनाच्या मोठ्या टेबलावर कुठलं इंजिन धावणार, हे त्यांच्या कानांवर ठरायचं. डॉक्टर, वकील, एक हेडमास्तर, असे शहाणेसुरते लोक आपापली इंजिनं छातीशी धरून त्यांच्यापुढे उभे राहायचे आणि "वाफेची धाप मागे पडतेय" एवढं ऐकून मुकाट्याने घरी जायचे. नक्की कुठे पडतेय, हे विचारायची एकाचीही छाती नव्हती.

तिचं इंजिन त्यांनी तीनदा नापास केलं होतं. आधी म्हणाले, आवाज तुटतो. तिने चाकं आणि रूळ स्पिरिटने पुसले, तारा नव्याने सोल्डर केल्या. मग म्हणाले, धाप चाकाशी जुळत नाही. तिने चाकावर पांढरा ठिपका लावला आणि मोबाइलवर हळू चित्रण करून पाहिलं. एका फेऱ्याला चार धापा, चोख. तरीही तिने चिपमधले आकडे बदलून पाहिले. तिसऱ्यांदा म्हणाले, आवाज पत्र्याचा येतो; म्हणून ही पुट्टी. दोष कुठेच सापडत नव्हता. त्यांना मात्र तो रोज ऐकू येत होता.

ती अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. कानांवरच तिचं पोट होतं. आणि आता गिऱ्हाइकाचा दुरुस्त झालेला स्पीकर ती दोन-दोनदा लावून बघू लागली होती, शेजारच्या कारागिराला "जरा ऐकतोस का" म्हणून हाक मारू लागली होती. तो ऐकायचा आणि तिच्याकडे विचित्र बघायचा. इंजिन प्रदर्शनात नाही गेलं तर नाही गेलं. पण आपले कानच गेले असतील तर? या विचाराने तिची झोप उडाली होती, आणि त्यासाठी ती सासऱ्यांना मनातल्या मनात रोज चांगलं सुनवत होती.

तिने डबा बंद केला, इंजिन रुळावर ठेवून आवाज चालू केला. तेवढ्यात फोन वाजला. क्लबचे सचिव होते. इंजिनाची खुडबुड मध्ये येऊ नये म्हणून तिने रिमोटवरचं आवाज बंद करायचं बटण दाबलं.

"बाबांनी पास केलं का हो? रविवारच्या प्रदर्शनाची नावं द्यायचीत. बाकीच्यांची तपासणी त्याच सकाळी आहे."

"आत्ता बघताहेत," म्हणत तिने फोन ठेवला.

"लाव आता," सासरे म्हणाले.

तिने वेग वाढवला. इंजिन निघालं, पुठ्ठ्याच्या स्टेशनवरून वळलं. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती आणि रुळांच्या सांध्यांवरची बारीक टिकटिक. धाप नाही, शिट्टी नाही. बटण तसंच राहिलं होतं. ती हात पुढे करून "थांबा" म्हणणार होती.

"थांबव," सासरे म्हणाले. "शिट्टी चिरकी आहे."

तिचा हात हवेतच राहिला.

"काय, बाबा?"

"शिट्टी. चिरकतेय. आणि धाप अजून मागे."

सासूबाई त्यांच्या मागच्या दारात आल्या. "बंद पडलं का गं? काहीच वाजत नाहीये," त्या आपल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. सासऱ्यांनी मान वळवली नाही. सासूबाई क्षणभर थांबल्या आणि आत निघून गेल्या. त्यांना उत्तर न मिळण्याची सवय होती. सगळं घर त्याला त्यांचा ताठा समजत आलं होतं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ठार बहिरा माणूस, आणि तिच्या कानांत खोट काढत होता. रविवारी सगळ्या क्लबासमोर हेच बटण दाबायचं आणि विचारायचं, बाबा, शिट्टी कशी वाटते? नुसत्या कल्पनेने तिला मजा वाटली. चांगली कुजकी मजा.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते इंजिनाकडे बघतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. नेहमीच तसं बघायचे. ती समजत होती, आपली फजिती बघताहेत. पण दर वेळी इंजिन निघालं की तिच्याच कपाळाला धास्तीने आठी पडायची, आणि दर वेळी ते दोष सांगायचे.

ती वाकली. स्क्रू ड्रायव्हर उगाच हवेत दोनदा फिरवला. मग ताठ झाली, खांदे सैल सोडले आणि काम फत्ते झाल्यावर माणूस दिसतो तशी दिसली. मुकं इंजिन पुन्हा एक फेरा मारून आलं.

"हां," सासरे म्हणाले. "आता कसं. आता खरं इंजिन वाटतंय. रविवारी मधल्या रुळावर लाव."

लग्न झाल्यापासून त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. तिला हसायचं होतं, पण हसू आलं नाही. सासऱ्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि ते अजूनही तिच्याकडेच बघत होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

तिने इंजिन थांबवलं. स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. राग गेला नव्हता. तरी एकेक शब्द ओठांनी नीट उच्चारत ती म्हणाली,

"बाबा, रविवारी मी येते. तुम्ही बाकीच्यांची इंजिनं तपासाल, तेव्हा तुमच्यासमोर उभी राहीन."

तिचं बोलणं संपल्यावरही ते बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"उजेडात उभी राहा," ते म्हणाले. "चेहरा दिसला पाहिजे."